फिल्टर

न्यूझीलंडमधलं रोटोरुआ डोळ्यांना दिसायच्या आधी नाकाला कळतं. ऑकलंडहून तीन-एक तास गाडी हाकली की उकडलेल्या अंड्यांचा वास यायला लागतो आणि पुतण्या म्हणतो, "काका, आलं." गावाच्या पोटात गरम पाण्याचे झरे आणि गंधकाची वाफ. तिथे राहणाऱ्यांना म्हणे तो वास येतच नाही. मला त्या रात्री झोप लागली नाही, पण त्याला वास कारण नव्हता. दुसऱ्या दिवशी जंगलात सायकल चालवायची होती.

जंगलाचं नाव फाकारेवारेवा. ही जमीन माओरी जमातींची आहे, आणि सायकलींसाठी यायला तिकीट लागत नाही. कॅलिफोर्नियातून आणलेले रेडवुड वृक्ष इथे १९०१ साली लावले, तेवढाच तुकडा बघायला बसभर पर्यटक येतात. बाकी डोंगरावर पाइन आणि त्याखाली माणसापेक्षा उंच नेचे, आणि त्यातून वळणं घेत जाणारे शंभरावर किलोमीटरचे ट्रेल. २००६ साली माउंटन बाइकची जागतिक स्पर्धा रोटोरुआतच झाली. पुण्यातल्या आमच्या ग्रुपमध्ये या जंगलाचं नाव लोक जरा आवाज खाली आणूनच घेतात.

तिथे प्रत्येक ट्रेलला एक ते सहा असा आकडा असतो. दोन म्हणजे हिरवा, सोपा. तीन निळा, मध्यम. चार काळा. सायकल भाड्याने देणाऱ्या पोराने विचारलं, "कुठल्या ग्रेडचं चालवता?" मी बावन्न वर्षांचा, सिंहगड न थांबता चढणारा, बोपदेव घाटात शेजारच्या स्कूटरवाल्याशी गप्पा मारणारा. म्हटलं, चार. पुतण्याने माझ्याकडे पाहिलं, पण तो बिचारा काय बोलणार.

खरं सांगायचं तर घाट चढणं आणि ट्रेल उतरणं या दोन गोष्टींचा संबंध एवढाच, की दोन्हीत खाली सायकल असते. घाटात दम लागतो, पाय लागतात. ट्रेलवर तुमची नजर पुढच्या वळणावर आहे की चाकापुढच्या मुळावर, यावर सगळं असतं. हे मी आता प्लास्टरमधून लिहितोय.

पोराने सायकल देताना ब्रेकची मूठ एका बोटाने दाबून दाखवली. "एकच बोट," म्हणाला. हे हायड्रॉलिक डिस्क ब्रेक. माझ्या घरच्या सायकलचे रबरी ठोकळे रिमवर आवळायला चार बोटं आणि थोडी देवाची कृपा लागते. मी मान हलवली. ऐकलं मात्र नाही.

सकाळभर हिरवे आणि निळे ट्रेल केले आणि ते स्वर्गासारखे होते. चाकाखाली पाइनच्या सुयांचा थर, त्यामुळे आवाज जवळजवळ नाही. वळणांना बाहेरच्या बाजूने मातीची भिंत उचललेली, तिच्यावर सायकल आपोआप झुकते. तिथेच थांबायला हवं होतं. पण जेवणानंतर माणसाची अक्कल पोटात उतरते. आम्ही काळ्या ट्रेलच्या तोंडाशी गेलो. ट्रेलचं नाव लिहीत नाही, त्याचा काही दोष नाही.

सुरुवातीच्या दहा-पंधरा मीटरवरच मुळांनी विणलेली एक खडी पायरी होती, गुडघ्याच्या वर, आणि खाली लगेच उजवीकडे वळण. मी थबकलो. पुतण्या म्हणाला, "काका, हा फिल्टर आहे." ट्रेल बांधणारे लोक मुद्दाम अवघड जागा पहिल्यांदा ठेवतात. ती जमली तर पुढचं जमेल. नाही जमली तर परत फिरायला अंतर थोडंच असतं. बोर्ड न वाचणाऱ्यासाठी मातीत लिहिलेला बोर्ड. मला ही कल्पना इतकी आवडली की मी तिचं तोंडभर कौतुक केलं. मग सायकलवरून उतरलो, ती खांद्यावर घेतली, पायरी चालत उतरलो आणि खाली पुन्हा सीटवर बसलो.

पुतण्या पुढे गेला होता. मी मागून. पाच-सहा वळणं बरी गेली. मग एक उतार आला, त्यात ओलं मूळ आडवं, आणि मी जे घाबरून करायचं नसतं ते केलं. चारही बोटांनी पुढचा ब्रेक आवळला. पुढचं चाक जागच्या जागी थांबलं, मी थांबलो नाही. हात पुढे करून पडलो, सगळे पडतात तसाच.

पडल्यावर पहिली गोष्ट काय केली? आडवाच राहिलो, बरोबर ट्रेलच्या मधोमध. पुतण्या परत पळत वर आला, माझ्याही वर गेला आणि स्वतःची सायकल ट्रेलवर आडवी टाकली. वरून येणाऱ्याला मी दिसणारच नव्हतो, उताराच्या कडेमागे होतो. अर्ध्या मिनिटात वरून एक मुलगी आली, अकरा-बारा वर्षांची असेल, तोंडभर मातीचे शिंतोडे. आडवी सायकल बघून थांबली. "ठीक आहात?" विचारलं, माझं उत्तर पूर्ण ऐकून घेतलं, आणि सायकल कडेला ठेवून पुन्हा वर चालत गेली. वळणापाशी हात वर करून उभी राहिली. आम्ही बाजूला सरकेपर्यंत ती तिथून हलली नाही. तिला हे कोणी सांगितलं नव्हतं. म्हणजे आधी कधीतरी सांगितलं असणार.

क्लिनिकमधल्या डॉक्टरबाईंनी माझ्या अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाच्या कडेला असलेल्या खळग्यात बोट दाबलं. मी छताला टेकलो. तिथे स्कॅफॉईड नावाचं काजूएवढं हाड असतं. हात टेकून पडलं की बऱ्याचदा ते मोडतं, आणि त्याला रक्त उलट्या टोकाकडून मिळत असल्यामुळे ते सांधायला फार कुरकुरतं. एक्स-रेत काही दिसलं नाही. "दिसत नाही म्हणजे मोडलं नाही असं नाही," त्या म्हणाल्या. प्लास्टर घाला, दहा-बारा दिवसांनी पुन्हा फोटो काढा.

मग त्यांनी अपघाताचा फॉर्म भरला. न्यूझीलंडमध्ये १९७४ पासून एक व्यवस्था आहे, तिला सगळे एसीसी म्हणतात. अपघातात इजा झाली की उपचाराचा बराचसा खर्च ती उचलते, पाहुण्यांचासुद्धा. बदल्यात इजेच्या भरपाईसाठी कोणी कोणाला कोर्टात खेचायचं नाही. माझी बुडालेली सुट्टी आणि इकडची बुडालेली कामं मात्र माझी मला. फॉर्मवर काय झालं, कुठे झालं, कुठला अवयव, एवढंच. मी वाट बघत होतो, पण चूक कोणाची हा प्रश्न आलाच नाही.

आपल्याकडे रस्त्यावर कोणी पडलं की माणूस उठायच्या आत निकाल लागलेला असतो, आणि तो बहुधा मोठ्या गाडीवाल्याविरुद्ध असतो. मी त्या खुर्चीत बसून तयारी केली होती. मूळ ओलं होतं, ब्रेक अनोळखी होते, त्या पोराने चार म्हटल्यावर मला टोकायला हवं होतं. सगळी वाक्यं तयार, आणि ऐकायला कोणी नाही. डॉक्टरबाईंनी "सायकलवरून पडले" असं टाइप केलं आणि माझी सही घेतली, डाव्या हाताने. माझ्या मनगटाचे पैसे तिथल्या करदात्यांच्या खिशातून गेले. त्यात त्या मुलीचे आईबापही असतील.

संध्याकाळी कुइराऊ पार्कात गेलो. तिथे गरम झऱ्याच्या पाण्यात फुकट पाय सोडून बसता येतं. पुण्यात तेव्हा सकाळचे अकरा. बायकोचा व्हिडिओ कॉल आला.

"अहो, हात कसला बांधलाय?"

"सायकलवरून पडलो."

"कोणी धडक दिली?"

"नाही."

"भाड्याची सायकल, काहीतरी सैल असणार."

"नवी कोरी होती."

"मग रस्ता वाईट असेल."

"बोर्डावर लिहिला होता तसाच होता."

पुतण्या पाण्यातल्या स्वतःच्या पायांकडे फारच लक्ष देऊन बघायला लागला. ती म्हणाली, "मग?" मी तिला फिल्टर सांगितला. पायरी, वळण, खांद्यावरची सायकल, सगळं. ती जरा वेळ गप्प बसली.

"म्हणजे गेटवर वॉचमनने अडवलं, आणि तुम्ही भिंतीवरून उडी मारून आत गेलात."

"साधारण तसंच."

"बरं. पेनकिलर जेवून घ्या."

पाय बाहेर काढून पुसले. एका हाताने मोजा चढत नाही हे मला बावन्नाव्या वर्षी कळलं. तो पुतण्याने चढवला, न बोलता.