आधी नववीच्या मुलांना विचारा

बडोद्यातील माध्यमिक शाळांत मी पाहिलेले करिअर मार्गदर्शनाचे कार्यक्रम बहुतेक एकाच साच्याचे होते : मुलांना सभागृहात बसवायचे, पाहुण्यांनी पडद्यावर सायन्स आणि कॉमर्सचे तक्ते दाखवायचे आणि शेवटी ‘कार्यक्रम कसा वाटला’ असा फॉर्म भरून घ्यायचा. म्हणजे मुलांचे मत घेतले जाते, पण सगळे ठरून गेल्यावर. मुलांच्या सहभागाचे अभ्यासक रॉजर हार्ट यांनी १९९२ साली युनिसेफसाठी लिहिलेल्या निबंधात मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली आहे आणि तिच्या खालच्या तीन पायऱ्यांना ते सहभाग मानतच नाहीत. आपला फॉर्म त्या तिन्हींच्या फार वर जातो, असे मला वाटत नाही.

ओळखीच्या एका शाळेत नववीच्या मुलांना पाहुणे ठरवण्याआधीच विचारले गेले, तेव्हा त्या बैठकीला मी होतो. मुलांनी शाखांविषयी फारसे विचारलेच नाही. पहिला पगार किती मिळतो, दिवसभर उभे राहावे लागते का, मुलींना रात्रपाळी असते का, निवडलेले क्षेत्र नकोसे झाले तर काय करायचे, हे त्यांचे प्रश्न होते. आणि मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्यांच्या मुलांना त्यांतील काहींची उत्तरे पाहुण्यांपेक्षा अधिक ठाऊक होती. व्यवसाय बदललेल्या माणसाला बोलवा, ही सूचना मुलांचीच. आम्हा मोठ्यांना ती सुचली नसती.

मुलांना जगाची माहितीच नसते, मग ती काय निवडणार, हा पालकांचा आक्षेप निराधार नाही. यादीत यूट्यूबर आणि क्रिकेटपटू आलेच. परंतु मुलांनी एकट्याने ठरवावे असे कोणी म्हणत नाही. त्यांच्या यादीत शिक्षकांनी भर घालावी आणि निवड एकत्र बसून करावी, एवढेच.

प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाबाबत मात्र मर्यादा खऱ्या आहेत. कोयलीच्या रिफायनरीत काम करून पाहण्याची काहींची इच्छा होती. पण १४ ते १८ वयाच्या मुलांना धोकादायक उद्योगांत कामाला लावण्यास कायद्याने बंदी आहे. अशा वेळी नुसता नकार देण्यापेक्षा तो कायदा मुलांपुढे ठेवावा. मग रसायनांची आवड असलेला मुलगा औषधाच्या दुकानाचा किंवा पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेचा पर्याय स्वतः शोधतो.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या दरम्यान दप्तराविना दहा दिवस सुतार, माळी, कुंभार, कलाकार यांच्याकडे शिकण्याची तरतूद आहे. ज्या शहरात सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था उघडली, तिथे ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. मात्र कोणते कौशल्य शिकवायचे हे राज्ये आणि स्थानिक समाज ठरवतील, असे ते धोरण सांगते; त्या समाजात विद्यार्थी धरायचे की नाही, हे प्रत्येक शाळेच्या हाती आहे. निदान दोन विद्यार्थी प्रतिनिधी नियोजनाच्या बैठकीत असावेत आणि जी सूचना मान्य होणार नाही, तिचे कारण वर्गात जाऊन सांगितले जावे.