तुम्ही विचारलंत म्हणून: साठ पैशांसाठी एवढं भांडण कशाला?

सुट्टीत पुण्याला आले की कुणीतरी हमखास विचारतं, "तुमच्या दक्षिण कोरियात दर जुलैत किमान वेतनावरून एवढी हमरीतुमरी कशाला? तासाला दहा-वीस वॉनची तर बात! दहा वॉन म्हणजे आपले साठ पैसे."

सोपं उत्तर आहेच. किमान वेतन आयोगात 27 माणसं: नऊ कामगारांची, नऊ मालकांची, नऊ सार्वजनिक हिताच्या नावाने नेमलेली. पहिल्या दोन गटांचं क्वचितच जुळतं, कुणीतरी उठून जातं. 2018 साठी दर एका झटक्यात 16.4 टक्क्यांनी वाढला तेव्हा छोटे दुकानदार रस्त्यावर उतरले. चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानांत पोरांना आठवड्याला 14 तासच काम मिळतं, कारण 15 भरले की मालकाला सुट्टीच्या एका दिवसाचाही पगार द्यावा लागतो.

पण या आकड्याचं आणखी एक काम आहे, आणि मला त्याचंच जास्त अप्रूप. कोरियात निर्दोष सुटलेल्या माणसाला तुरुंगातल्या प्रत्येक दिवसाची भरपाई मिळते. तिचा दर ज्या वर्षी निकाल लागला त्या वर्षीच्या किमान दैनिक वेतनाइतका तरी हवा, आणि फार तर त्याच्या पाचपट.

आता जेजू बेटावर चला. 3 एप्रिल 1948 च्या उठावानंतर तिथे लष्कराने आणि पोलिसांनी जो संहार केला, त्यात 25 ते 30 हजार माणसं गेली असा अंदाज आहे. डिसेंबर 1948 मध्ये आणि 1949 च्या उन्हाळ्यात लष्करी न्यायालयांनी 2,530 जणांना शिक्षा ठोठावल्या. ना आरोपपत्र सापडतं, ना निकालपत्र. आहे ती फक्त नावांची यादी. बेटावर तुरुंग नव्हता, म्हणून त्यांना जहाजांतून मुख्य भूमीवर नेलं. 1950 मध्ये कोरियन युद्ध पेटलं आणि त्यातले बहुतेक परत आलेच नाहीत.

जे जगले त्यांच्यातल्या 18 जणांनी फेरसुनावणी मागितली. जानेवारी 2019 मध्ये न्यायालयाने म्हटलं, मूळ खटलाच बेकायदा होता. ऑगस्टमध्ये भरपाई ठरली. 2019 चा दर तासाला 8,350 वॉन. आठ तासांचे 66,800. त्याच्या पाचपट, म्हणजे दिवसाला 3,34,000. न्यायालयाने कमाल दर लावला. अठरा जणांचे मिळून सुमारे 534 कोटी वॉन झाले.

नव्वदीच्या म्हातारीची कैद दुकानातल्या पोराच्या मजुरीने मोजायची, हे ऐकायला विचित्र वाटतं. मला मात्र ते बरं वाटतं, कारण पगाराची पावती कुणी मागत नाही. आपल्याकडे मोटार अपघाताच्या दाव्यातसुद्धा मयताचं उत्पन्न सिद्ध करताना घरच्यांच्या नाकी नऊ येतात, आणि पुरावा नसला की न्यायाधिकरण बऱ्याचदा किमान वेतनाचाच आधार घेतं. चुकीच्या कैदेसाठी तर भरपाईचा हक्क देणारा कायदाच नाही. तो करा, असं विधी आयोगाने 2018 च्या 277 व्या अहवालात सांगून झालंय.

गंमत म्हणजे आपला जुना किमान वेतन कायदाही 1948 चाच होता; 2025 च्या नोव्हेंबरात त्याची जागा वेतन संहितेने घेतली. तो कायदा जेजूचा उठाव झाला त्याच्या जेमतेम तीन आठवडे आधीचा. कोरियात असा कायदा लागू व्हायला 1988 उजाडलं. पण त्यांचा आकडा देशभर एकच आहे. आपल्याकडे उद्योगागणिक, परिमंडळागणिक, कुशल-अकुशल असे दर वेगळे. यातला कुठला दर घेऊन कैदेचा दिवस मोजणार?

त्यांच्याकडेही सगळं सरळ आहे असं नाही. 2026 चा दर तासाला 10,320 वॉन, म्हणजे कैदेच्या दिवसाची कमाल भरपाई आता 4,12,800. एकाच कोठडीत राहिलेल्या दोघांपैकी ज्याचा निकाल उशिरा लागला, त्याला दिवसाचे जास्त पैसे. त्याला म्हणजे, बहुतेक वेळा त्याच्या वारसांना.