सैनिक खरे उत्तर कोणाला देतो?

दुसऱ्या महायुद्धात समाजशास्त्रज्ञ सॅम्युएल स्टाऊफर यांच्या नेतृत्वाखालील पथकाने अमेरिकी लष्करातील पाच लाखांहून अधिक सैनिकांची मते प्रश्नावल्यांतून जाणून घेतली. या प्रश्नावल्यांवर नाव लिहायचे नसे आणि सैनिक त्या भरत असताना अधिकाऱ्यांना दूर ठेवले जाई. वरिष्ठ समोर असताना सैनिक मनातले लिहिणार नाही, हे त्या पथकाने पुरते ओळखले होते.

या अविश्वासाची किंमत 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आकड्यांनिशी दिसते. युद्धक्षेत्रातून परतलेल्या एका अमेरिकी पायदळ ब्रिगेडमधील सैनिकांची नेहमीची आरोग्य तपासणी नावानिशी झाली आणि त्यांच्यापैकी काहींनी नंतर निनावी प्रश्नावलीही भरली. नैराश्य, आघातोत्तर तणाव आणि आत्महत्येचे विचार यांची कबुली निनावी प्रश्नावलीत दोन ते चार पटींनी अधिक आढळली. मला हा फरक अतिशय गंभीर वाटतो, कारण उपचारांची सोय नावानिशी झालेल्या तपासणीवरच अवलंबून असते.

मात्र नाव गाळले म्हणजे ओळख लपली, असे नाही. हुद्दा, तुकडी, वय, लिंग आणि सेवेची वर्षे एवढी माहिती भरून घेतली, की लहान तुकडीतील एकुलत्या महिला अधिकाऱ्याला ओळखायला नावाची गरज उरत नाही, आणि हे तिला प्रश्नावली हातात पडताच कळते. गोपनीय सर्वेक्षणात तर उत्तर कोणाचे हे कोणाला तरी ठाऊक असतेच. ते पुढे जाणार नाही, एवढेच आश्वासन असते. बढती आणि गुप्त माहिती हाताळण्यासाठी लागणारा सुरक्षाविषयक परवाना ज्या यंत्रणेच्या हाती आहे, तिच्याच आश्वासनावर विसंबून राहायला सैनिक कचरत असेल, तर त्याला मी दोष देणार नाही. म्हणूनच मूळ उत्तरे कोण पाहणार, मोकळ्या रकान्यातील मजकूर कमांडरपर्यंत जसाच्या तसा पोहोचणार का आणि किती जणांपेक्षा लहान गटाचे निष्कर्ष दडवले जाणार, हे त्याला आधीच स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे.

तरीही एक पेच उरतोच. निनावी कागदावर आत्महत्येचा विचार लिहिणाऱ्या सैनिकाला शोधून मदत देता येत नाही. त्याने स्वतःच्या नावाने ते लिहावे असे लष्कराला वाटत असेल, तर तसे लिहून उपचार घेतलेल्या त्याच्या सहकाऱ्याची बढती अडलेली नाही, हे त्याला आपल्याच तुकडीत दिसले पाहिजे.