पारव्यांना दाणे टाकणाऱ्यांना एक विनंती

बेळगावच्या टिळकवाडीतील आमच्या घराजवळच्या छोट्या बागेत गुलमोहराखाली एक दगडी बाक आहे. गेल्या दोन पावसाळ्यांत त्यावर कोणी बसलेले मी पाहिलेले नाही. वरच्या तारेवर पारवे, आमच्या बोलीतली पारवाळं, ओळीने बसतात; बाक विष्ठेने पांढरा होतो आणि जुलैच्या झडीत तो थर भिजून फरशीवर असा बुळबुळीत पसरतो, की काठी टेकत फिरायला येणारी माणसे बाहेरच्या रस्त्यानेच वळसा घालून जातात.

हा प्रश्न केवळ घाणीचा असता, तर मी लिहिले नसते. शहापुरात माझ्या आत्याच्या कौलारू घराच्या माळ्यावर पारव्यांची वर्षानुवर्षे घरटी होती. तिचा कोरडा खोकला हटेना, जिना चढताना धाप लागू लागली, औषधे बदलून झाली, आणि शेवटी एका डॉक्टरांनी विचारले, "घरात कबुतरे आहेत का?" विष्ठेतील आणि पिसांतील प्रथिनांचे सूक्ष्म कण दीर्घकाळ श्वासावाटे आत जात राहिले, तर काही जणांच्या फुप्फुसांना ॲलर्जीची सूज येते, आणि वेळीच ओळखले नाही तर फुप्फुसांवर कायमचे व्रण राहतात.

बागेत आम्ही चकचकीत सीडी टांगल्या, प्लास्टिकचे घुबड बसवले. आठवड्याभरात पारव्यांना दोन्हींची सवय झाली. घरटी काढून भागत नाही, कारण मादी एका वेळी दोन अंडी घालते, सुमारे १८ दिवसांत पिले बाहेर येतात, आणि खाणे मुबलक असेल तर वर्षातून अनेकदा हे चक्र फिरते. परदेशातील तलावाकाठच्या बागांना कॅनडा गूज या हंसवर्गीय पक्ष्याचा असाच उपद्रव होतो. तिथे काठावरचे गवत मुद्दाम उंच वाढू देतात, कारण पाण्यापर्यंतची वाट मोकळी दिसली नाही, तर तो पक्षी तिथे चरायला कचरतो. पारव्याला मात्र गवताचे सोयरसुतक नाही. तो दाण्यासाठी येतो. स्वित्झर्लंडमधील बाझेल शहराने १९८८ पासून लोकांना दाणे न टाकण्याविषयी समजावले आणि काही वर्षांत तिथल्या पारव्यांची संख्या जवळजवळ निम्म्यावर आली.

आमच्या बागेत रोज सकाळी एक काका रविवार पेठेतून आणलेला जोंधळा मुठीमुठीने टाकतात. मी त्यांना म्हणालो, "काका, इथे नका टाकू." ते थांबले, पिशवीचे तोंड हाताने आवळले आणि म्हणाले, "ही होती तेव्हापासून टाकतोय. ती गेल्यावर बंद कसं करू?" मला पुढे बोलवेना. पुण्य लाभावे या भावनेने टाकलेल्या दाण्याला मी वाईट म्हणणार नाही. पण तोच जोंधळा एखाद्या गोशाळेत दिला, किंवा काकूंच्या नावाने बागेत उंबर लावला, तर बुलबुल, तांबट आणि कोकीळ त्यावर पोसतील. हे त्यांना सांगायला मी पुन्हा जाणार आहे.

बागेसाठी फलक करायचे ठरले आहे. तो कन्नड आणि मराठी अशा दोन्ही भाषांत असावा, असा माझा आग्रह आहे, कारण दाणे टाकणारे हात दोन्ही भाषांतले आहेत. आणि त्यावर दंडाची धमकी नको, आत्याच्या डॉक्टरांनी विचारलेला तो प्रश्न लिहावा.