इस्सिकचा कुरगान: माझा अनुभव

मी नाशिकचा. पांडवलेण्यांत 10 नंबरच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत आणि त्यातल्या एकात तो स्वतःला शक म्हणवतो. शक मुळात कुठल्या मुलुखात वावरत होते ते एकदा बघायचं, हे कॉलेजपासून मनात होतं. सप्टेंबरात अखेर अल्माटी गाठलं, जवळच्या इस्सिकचा शकांचा कुरगान, म्हणजे कबरीवर रचलेलं टेकाड, बघायला.

भारतीय पासपोर्टवर कझाकस्तानात 14 दिवस व्हिसा लागत नाही, म्हणून तिथवर सगळं सुरळीत झालं. घोळ पुढे झाला. नुसतं ‘इस्सिक’ म्हटल्यावर टॅक्सीवाल्याने वर डोंगरातल्या तलावावर नेऊन सोडलं. अर्धा दिवस गेला. तुम्ही जाल तेव्हा ‘अल्तिन अदाम’ म्हणा, म्हणजे सोन्याचा माणूस. एवढं पुरतं.

सोन्याने मढवलेल्या पोशाखात पुरलेला हा माणूस सापडला 1969 मध्ये, पुरातत्त्वज्ञ केमाल अकिशेव यांच्या उत्खननात. 6 मीटर उंच, 60 मीटर रुंद टेकाड. मधली कबर चोरांनी कधीच लुटलेली, पण बाजूची शाबूत, स्प्रूसच्या ओंडक्यांची. आत सोन्याचे 4000 हून जास्त तुकडे, इसवी सनापूर्वी चौथ्या-तिसऱ्या शतकातले. तिथल्या संग्रहालयात दिसते ती त्याची प्रतिकृती. तरी अंगरख्यावर ओळीने टाचलेल्या त्या इवल्याइवल्या पत्र्या बघताना वेळेचं भान राहिलं नाही.

बाहेर टेकाडांपाशी आल्यावर मात्र मला खरं काय ते कळलं. संग्रहालयातल्या बाईंनी हात वर करून बर्फाळ डोंगर दाखवले: जायलाऊ, उन्हाळी कुरण. मग पायाखालची जमीन: किस्ताऊ, हिवाळ्याचा मुक्काम. हे शब्द कझाक मेंढपाळांचे, पण चढउताराचा हा क्रम फार जुना. बर्फ पडलं की कळप खाली यायचे, आणि जिथे दरवर्षी परतायचं तिथेच आपली माणसं पुरायची. शक कायम भटकतच असत हेही खरं नाही. जवळच तल्गारपाशी तुझुसाई इथे त्यांच्या काळातली वस्ती आणि बाजरीवर्गातलं धान्य, गहू मिळाले आहेत.

उषवदाताचं या मंडळींशी थेट नातं जोडता येत नाही, कारण शक हे अनेक टोळ्यांचं मिळून नाव. पण याच कबरीत चांदीचा एक वाडगा निघाला, त्यावर दोन ओळी कोरलेल्या आहेत. नाशिकचा शक काय म्हणतो ते आपण सरळ वाचतो. या दोन ओळींचं सर्वांना पटलेलं वाचन अजून नाही. मी त्यांचा फोटो घेऊन आलोय, आणि रोज एकदा तरी काढून बघतो.