निसर्ग वादळानंतर दिवेआगरला मदतीला गेलो, तो माझा अनुभव

2020 च्या जूनमध्ये, 3 तारखेला निसर्ग वादळ येऊन गेलं, त्यानंतर आठवड्याभराने आम्ही सहा जण पुण्याहून दिवेआगरला गेलो. लॉकडाऊन चालू होता, त्यामुळे आधी ई-पास, मग डॉक्टरांचं सर्टिफिकेट, अर्ज दोनदा रिजेक्ट, हे सगळं करून ताम्हिणी, माणगाव, म्हसळा करत पोचलो एकदाचे. टेम्पोत काय, तर बिस्किटांचे पुडे, जुने कपडे आणि भाड्याने घेतलेली पेट्रोलवरची करवत. कपड्यांना कुणी हात लावला नाही, बरोबरच आहे, लोकांची छपरं गेली होती, कपाटं नाही. झोपायला शाळेचा व्हरांडा, आणि कोरोनाच्या भीतीने जेवण फाटकाशी ठेवून जायचे.

ज्या काकांच्या वाडीत आम्हाला काम मिळालं ती बारा गुंठ्यांची. पोफळी मधोमध कडाकड मोडलेल्या, शेंडे नसलेले सोट नुसते उभे. पोफळीला शेंडा एकच, तो गेला की झाड गेलं, आंब्यासारखी बाजूने फांदी फुटत नाही, आणि नवीन लावली तर सुपारी धरायला सहा-सात वर्षं. त्या दिवसांत हेक्टरी 50 हजार मदत जाहीर झाली होती, काकांनी बोटांवर हिशोब करून सांगितलं, गुंठ्याला पाचशे, म्हणजे माझे सहा हजार. पुढे काही बोलले नाहीत.

पहिल्या दिवशी आम्ही फुल जोशात, संध्याकाळपर्यंत अर्धी वाडी साफ, ओंडक्यांचा मस्त ढीग, फोटो पण काढले. काका आले, बघितलं, चहा दिला आणि गेले. सकाळी सहाला उठून बघतो तर काका-काकू दोघंच आमचे ओंडके ओढून बाजूला करतायत, कारण ढीग आम्ही बरोबर पाटात रचला होता. "अरे, पावसाचं पाणी ह्यातून जातं, तुंबलं तर उरलेल्या पण कुजतील."

आणि झावळ्या उचलल्या तर खाली रोपं. काकांनी सुपाऱ्या रुजवून लावलेली, आम्ही सोट ओढताना चेपून टाकलेली. मी मोजली, चौदा. सॉरी म्हटलं तर काकू म्हणाल्या, "सॉरीचं काय करू, इकडे ये, पाय कुठे टाकायचा ते दाखवते." त्याच दिवशी एका आडव्या झालेल्या माडाला मी करवत लावणार, तेवढ्यात काका ओरडले, "तो जिवंत आहे! मुळं बघ, अर्धी अजून मातीत आहेत!"

मग तिसऱ्या दिवशी (तिसऱ्या!) आम्हाला विचारायची बुद्धी झाली, काका, तुम्हाला नक्की काय पाहिजे? पाणी, म्हणाले. लाइट नाही, पंप बंद, रहाट कधीच गेलेले, काकू पन्नाशीत विहिरीतून कळशीने पाणी शेंदत होत्या आणि आम्ही दोन दिवस त्यांच्याच पुढून ओंडके घेऊन जात होतो. माणगावहून जनरेटर भाड्याने आणला, घरटी एक तास, टाकी भरली की पुढचं घर. सगळ्यात कामाचं काम हेच झालं, पण घाम गाळायला मिळाला नाही म्हणून आमच्यातले दोघं जरा हिरमुसलेच.

नंतर दर मेमध्ये जातो. माड आता वाकडा होऊन वर वळलाय. वाडीत शिरताना काकू अजून पुढे चालतात आणि माझ्या पायांकडे बघत राहतात. कोयता मात्र अजून हातात देत नाहीत.