केअर होमचा राऊंड आणि जीपी
माझी ताई इंग्लंडमध्ये जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर आहे, एका केअर होमचं (वृद्धांची देखभाल होते त्या निवासाचं) कामही तिच्याकडेच. 2020 मध्ये एनएचएसने, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेने, केअर होमसाठी दर आठवड्याचा राऊंड आणला, कल्पना खरंच चांगलीये. पण राऊंड म्हणजे नुसतं बघून येणं नाही हो, एकेका आजींना डिमेन्शिया, बीपी, शुगर, वर दहा-बारा गोळ्या, त्यातली कुठली बंद करायची ते ठरवा, मग मुलांना फोन, मग नोंदी, आणि इकडे क्लिनिकमधले पेशंट ताटकळलेले. नेदरलँड्समध्ये 1990 पासून या कामासाठी वेगळे स्पेशालिस्ट डॉक्टर आहेत, तसं इंग्लंडमध्येही व्हायला हवं असं मला मनापासून वाटतं. तोवर निदान फार्मासिस्ट आणि नर्स तरी पुरेसे द्या, डिमेन्शियावाल्या आजींना कुठे दुखतंय हे कळायलाच वेळ लागतो.